झीरो माइलजवळ गिर्यारोहणाचे वारसा दालन हवे : नागपूरहून एक खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
मा. अध्यक्ष व सदस्य, वारसा संवर्धन समिती, नागपूर,
तसेच नागपूर व विदर्भातील गिर्यारोहण संस्थांचे सर्व पदाधिकारी यांस

विषय : नागपुरात गिर्यारोहणाचे व हिमालयाच्या मोजणीचे वारसा दालन सुरू करण्याबाबत.

सविनय नमस्कार.

नागपुरात गिर्यारोहणाचे आणि हिमालयाच्या मोजणीचे एक वारसा दालन सुरू व्हावे, त्यासाठी नवी इमारत बांधण्याऐवजी झीरो माइल या मोजणीच्या जुन्या खांबाच्या आसपासच्या एखाद्या जुन्या सरकारी वास्तूतील एक-दोन खोल्या मिळाव्यात, आणि हिंदुस्थानची त्रिकोणांनी मोजणी सुरू करणारे कर्नल विल्यम लॅम्बटन यांची हिंगणघाट येथील कबर या दालनाशी जोडून घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. पत्र खुले ठेवले आहे, कारण हे काम एकट्या महानगरपालिकेचे नाही. वारसा समितीने मनावर घेतल्याशिवाय जागा मिळणार नाही, आणि गिर्यारोहण संस्थांच्या कपाटांत व सदस्यांच्या माळ्यांवर जे पडून आहे ते बाहेर आल्याशिवाय ती जागा भरणार नाही.

मी अनेक वर्षे नागपुरात शाळेत भूगोल शिकवला. गेल्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील झेरमाट या गावी जाण्याचा योग आला आणि तेथील मॅटरहॉर्न संग्रहालय पाहता आले. या विनंतीमागे ती भेट आहे, म्हणून तेथे काय पाहिले ते आधी सविस्तर सांगते.

मॅटरहॉर्न हे 4478 मीटर उंचीचे शिखर आहे आणि त्याच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटरवर झेरमाट वसले आहे. गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेश नाही. खालच्या ट्येश गावात गाडी ठेवून पुढे रेल्वेने यावे लागते, आणि गावात माणसे पायी किंवा विजेवरच्या लहान वाहनांतून फिरतात. जुन्या वस्तीत उन्हाने काळपट झालेली लाकडी धान्यकोठारे आजही उभी आहेत. ती जमिनीपासून उचलून खांबांवर बसवलेली आहेत, आणि उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक सपाट गोल दगड ठेवलेला आहे. आज हॉटेलांनी गजबजलेले हे गाव डोंगर चढणारे परदेशी लोक येऊ लागण्यापूर्वी गुरांवर आणि उतारावरच्या तुटपुंज्या शेतीवर जगत होते, हे त्या कोठारांकडे पाहून समजते.

आमच्या सहलीच्या कार्यक्रमात 1898 मध्ये सुरू झालेली गॉर्नरग्राटची दंतचक्री रेल्वे होती; ती 3089 मीटरपर्यंत चढते आणि तेथून मॉन्टे रोझासह चार हजार मीटरहून उंच अशी कितीतरी शिखरे समोर उभी ठाकतात. संग्रहालय मात्र कार्यक्रमात नव्हते. आम्ही काही जणींनी खरेदीसाठी दिलेला वेळ तेथे घालवला, आणि त्या वेळेचा त्याहून चांगला उपयोग झाला नसता असे मला आजही वाटते.

संग्रहालय चर्चजवळच्या चौकात जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून गेल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या झेरमाटची घरे, वाटा आणि कामाच्या जागा पुन्हा मांडलेल्या दिसतात, आणि त्यांच्यामधून चालत आपण एका काचेच्या पेटीपाशी येतो. त्या पेटीत दोराचा एक तुटलेला तुकडा आहे. घरी कपडे वाळत घालायला बांधतो त्या दोरीहून तो फारसा जाड नाही.

14 जुलै 1865 रोजी सात माणसांनी मॅटरहॉर्नच्या माथ्यावर प्रथम पाय ठेवला. एडवर्ड व्हिंपर, धर्मोपदेशक चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस आणि एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो हे चौघे ब्रिटिश. शामोनीच्या खोऱ्यातला वाटाड्या मिशेल क्रो. आणि झेरमाटचे टाउगवाल्डर पितापुत्र, दोघांचेही नाव पीटर. उतरताना हॅडोचा पाय घसरला आणि तो क्रोवर आदळला. एकाच दोराला बांधलेले असल्यामुळे हडसन आणि डग्लसही त्यांच्यामागे ओढले गेले. डग्लस आणि थोरले टाउगवाल्डर यांच्यामधला दोर त्या झटक्याने तुटला. चौघे हजार मीटरहून अधिक खोल कोसळले आणि तिघे वाचले. डग्लस यांचा मृतदेह कधीच सापडला नाही.

त्यानंतर जे घडले ते मला अपघाताइतकेच महत्त्वाचे वाटते. थोरल्या टाउगवाल्डर यांनी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दोर कापला असावा, असा संशय पसरला. झेरमाटमध्येच चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. सोबत अधिक मजबूत दोर असतानाही त्या ठिकाणी सर्वांत जुना व कमकुवत दोर वापरला गेला होता, असे व्हिंपर यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. निर्दोष ठरूनही संशयाने त्या माणसाची पाठ सोडली नाही; काही काळ ते अमेरिकेला निघून गेले, पुढे परतले आणि 1888 मध्ये याच पर्वताच्या कुशीत त्यांचे निधन झाले. हे सर्व त्या संग्रहालयात सांगितलेले आहे. आपल्याच गावच्या माणसावर आलेला आळ, चुकीच्या ठिकाणी बांधलेला दोर, अनुभव नसलेल्या तरुणाला एवढ्या कठीण चढाईला नेण्याचा निर्णय, यांतले काहीही गावाने झाकून ठेवलेले नाही. विजयाचे शिल्प चौकात उभारून बाकीचे विसरून जाणे सोपे होते. झेरमाटने तुटलेला दोर जपला.

वर चर्चच्या आवारात पर्वतावर गेलेल्यांच्या कबरी आहेत. 1865 पासून मॅटरहॉर्नवर पाचशेहून अधिक माणसे मरण पावली आहेत. त्याच गावाने उलरिश इंदरबिनेन या वाटाड्याचाही मान राखला आहे. ते 1900 मध्ये जन्मले, साडेतीनशेहून अधिक वेळा मॅटरहॉर्न चढले, शेवटचे चढले तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होते, आणि 2004 मध्ये वारले. जगभरची माणसे या शिखरावर आपले नाव लावून गेली, पण त्यांना वर नेऊन सुखरूप खाली आणणाऱ्यांची नावे गावाने स्वतः लिहून ठेवली, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली.

आल्प्समध्येही हे नेहमीच इतक्या सरळपणे झालेले नाही. फ्रान्समधील शामोनी गावी मॉन्ट ब्लांकवरची पहिली चढाई 8 ऑगस्ट 1786 रोजी स्फटिक शोधणारे जाक बाल्मा आणि गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार यांनी मिळून केली. पुढे शंभर वर्षांनी गावात पुतळा उभारला गेला तेव्हा त्यात चढाईसाठी बक्षीस लावणारे शास्त्रज्ञ सोस्यूर आणि त्यांच्या शेजारी बाल्मा होते. पाकार यांना त्यात जागा मिळाली नाही. त्यांचा पुतळा उभा राहायला 1986 साल उजाडावे लागले. तरीही दोनशे वर्षांनी का होईना, ती नोंद दुरुस्त झाली. गिर्यारोहण या परंपरेचा समावेश 2019 मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, तेव्हा फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता. नोंदी ठेवण्याची आणि त्या दुरुस्त करण्याची सवय त्यांच्या उपयोगी पडली असणार.

आता नागपूरकडे वळते. "येथे डोंगर आहे कोठे?" हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आपले शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे आणि मे महिन्यात येथे पारा 45 अंशांपलीकडे जातो. बर्फाच्या शिखरांचा वारसा आपल्याकडे कसा येईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर हिंगणघाटात आहे.

1802 मध्ये आजच्या चेन्नईजवळ, सेंट थॉमस माउंटच्या परिसरात, विल्यम लॅम्बटन यांनी साखळीने सुमारे 12 किलोमीटर लांबीची एक आधाररेषा मोजली आणि त्या एका रेषेवरून त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. एक बाजू आणि कोन माहीत असले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे आपण आठवी-नववीत शिकतो. त्या साध्या नियमावर हे त्रिकोणमितीय महासर्वेक्षण उभे होते. कोन मोजण्याचे त्यांचे मोठे थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचे होते, आणि ते टेकड्यांवर, गढ्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवावे लागे. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर ते चढवले जात असताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी काही आठवडे तंबूत बसून स्वतःच्या हातांनी ते पुन्हा दुरुस्त केले आणि काम पुढे चालू ठेवले.

78 अंश पूर्व रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकणारी ही साखळी, जिला पुढे ग्रेट आर्क हे नाव पडले, बीदरवरून वऱ्हाडापर्यंत आली. लॅम्बटन यांचे वय तोवर सत्तरीच्या घरात गेले होते. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांना पुरण्यात आले. त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले, आणि सुमारे 2400 किलोमीटर लांबीची ती साखळी हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडून-मसुरीपर्यंत पोहोचवली. डेहराडूनपासून मग पूर्वेकडे तराईच्या कडेने त्रिकोणांची दुसरी मालिका गेली. नेपाळमध्ये प्रवेश नसल्यामुळे तराईतूनच, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून, बर्फाच्या शिखरांचे कोन घेतले गेले. 1852 मध्ये राधानाथ सिकदर यांच्या गणितातून 'शिखर क्रमांक 15' हे सर्वांत उंच असल्याचे दिसले, आणि 1856 मध्ये त्याची उंची 29,002 फूट म्हणून जाहीर झाली. 2020 मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची 8848.86 मीटर आहे. हवेतून येताना प्रकाशकिरण किती वाकतो याचा अंदाज बांधत, एवढ्या दुरून घेतलेल्या त्या मापात आणि उपग्रहांच्या मदतीने घेतलेल्या आजच्या मापात सुमारे नऊ मीटरचा फरक आहे.

एव्हरेस्टचे स्थान आणि उंची ज्या त्रिकोणांच्या साखळीवर उभी राहिली, तिचा एक दुवा वऱ्हाडातून गेला आहे आणि ती साखळी ज्याने सुरू केली तो माणूस आपल्या वर्धा जिल्ह्यात, नागपूरहून दोन तासांच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी विसावला आहे. मसुरीजवळचे जॉर्ज एव्हरेस्ट यांचे घर पाहायला पर्यटक गर्दी करतात, आणि त्यांत नागपूरचेही असतात. हिंगणघाट मात्र आमच्या शाळांच्या सहलींच्या यादीत मला कधी दिसले नाही. जगातल्या सर्वोच्च शिखराला पुढच्या माणसाचे नाव मिळाले. आधीच्या माणसाची आठवण ठेवण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे आणि ते आपण केलेले नाही.

1865 या सालाकडेही आपले लक्ष वेधते. मॅटरहॉर्नवरचा दोर त्या वर्षी तुटला. त्याच वर्षी 'शिखर क्रमांक 15' ला एव्हरेस्ट हे नाव अधिकृतपणे मिळाले, आणि त्याच वर्षी कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातले नैनसिंह रावत ल्हासाच्या वाटेला लागले. यात्रेकरूच्या वेशात, दोन हजार पावलांचा एक मैल धरून, 108 ऐवजी 100 मण्यांच्या माळेवर पावले मोजत, त्यांनी परक्यांना बंद असलेल्या तिबेटातली वाट मोजून आणली. आमच्या वर्गात ही हकीकत सांगितली की मुले आपोआप पावले मोजू लागत. व्हिंपर यांच्याविषयी जगाला पुष्कळ माहिती आहे. नैनसिंहांना 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तरी आपल्या शहरात त्यांचे नाव ठाऊक असलेले किती जण निघतील याची मला खात्री नाही. लॅम्बटन यांच्या तळावर झेंडे धरून टेकड्यांवर उभे राहणारे, साखळी ओढणारे, तापाने वाटेतच गेलेले शेकडो खलाशी, म्हणजे मोजणीवरचे मजूर, तर नोंदीत नावानेही आलेले नाहीत.

झीरो माइलविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. विधान भवनाजवळचा हा खांब 1907 चा आहे आणि तो महासर्वेक्षणाचा प्रमाणित उंचीदर्शक बिंदू आहे. त्याच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1020 फूट नोंदलेली आहे, आणि खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. उंचीची ही मोजणी लॅम्बटन यांच्या त्रिकोणांच्या मोजणीहून वेगळी. तिच्यात समुद्राच्या सरासरी पातळीपासून सुरुवात करून एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणापर्यंत पातळी नेत नेत उंची आणली जाते. देशाचा मध्यबिंदू म्हणूनच आपण हा खांब पाहुण्यांना दाखवतो, त्याच्याजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांसमोर छायाचित्र काढतो आणि पुढे निघतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या पठारावर समुद्राची पातळी कशी आणली गेली, हे समजावून सांगितले तर दहा वर्षांचे मूलही तेथे अर्धा तास रमेल. वारसा समितीने इतर काही करण्यापूर्वी खांबाशेजारी ही माहिती सोप्या मराठीत आणि एका चांगल्या आकृतीसह लावावी, एवढे तरी मी आग्रहाने मागते.

दालन झीरो माइलजवळ मागण्याचे हेच कारण आहे. तेथे मेट्रोचे स्थानक आहे, आणि 1863 पासून चालत आलेले आपले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे सर्वांचा अजब बंगला, फार दूर नाही. शिवाय जे सांगायचे आहे त्याचा एक खरा दगड समोर उभा आहे. दार्जिलिंगला 1954 मध्ये स्थापन झालेली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे, तिच्या आवारात तेन्झिंग नोर्गे यांची समाधी आहे, आणि नागपूरहून सिक्कीम-दार्जिलिंगला जाणारे बहुतेक जण ती पाहून येतात. शिखरांजवळ अशी केंद्रे आहेत, ती असायलाच हवीत. मोजणीची वाट जेथून गेली त्या पठारावरही एक असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

गिर्यारोहण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांशी आता थेट बोलते. तुमच्यापैकी कित्येकांना मी सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या वाटांवर मुलांना घेऊन जाताना पाहिले आहे. गाविलगड आणि नरनाळ्याच्या तटांवरून तुम्ही आमच्या विद्यार्थिनींना चालवले, चिखलदऱ्याच्या थंडीत तंबू ठोकायला शिकवले, आणि शहरातल्या कित्येक घरांतून एकटीने हिमालयात जाण्याची परवानगी मुलींना तुमच्या शब्दावर मिळाली. हे काम किती मोठे आहे हे तुम्ही स्वतः क्वचितच सांगता, आणि लिहून तर त्याहून क्वचित ठेवता. जुन्या मोहिमांच्या रोजनिशा, रेल्वेच्या आरक्षणाची कागदपत्रे, शिधा मोजून केलेल्या याद्या, हाताने काढलेले नकाशे, ताग-अंबाडीचे दोर, सैन्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या आणि खिळे ठोकलेले बूट हे सगळे आज कोणाकोणाच्या घरी आहे. ज्या पिढीने ते वापरले ती थकत चालली आहे, आणि घर आवरताना या वस्तू प्रथम भंगारात जातात. दालनाची घोषणा होईपर्यंत थांबू नका. प्रत्येक संस्थेने या वर्षीच आपल्या जुन्या सदस्यांकडे जाऊन वस्तूंची यादी करावी आणि त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.

आणि अपुऱ्या राहिलेल्या मोहिमाही द्या. माथ्यावर तिरंगा धरलेली छायाचित्रे सर्वांकडे आहेत. हवामान बिघडले म्हणून शिखर दिसत असताना परत फिरलेल्या तुकडीच्या नेत्याने त्या रात्री काय लिहिले, हे कोठेही वाचायला मिळत नाही. नव्या मुलांना सर्वांत जास्त गरज त्याच पानाची आहे. झेरमाटच्या गावकऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वीच्या दोराची लाज वाटली नाही. आपल्यालाही परत फिरण्याची वाटण्याचे कारण नाही.

2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांमध्ये शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य' या उपक्रमातून एव्हरेस्ट सर केले. जीवती-राजुराकडच्या रानात वाढलेली ही मुले 8848 मीटरवर पोहोचली, त्या दिवसांत त्यांची नावे सर्व वर्तमानपत्रांत छापून आली, देशाच्या पंतप्रधानांनी त्यांचा उल्लेख केला. आज विदर्भातल्या एखाद्या शाळेतल्या मुलीला त्यांची छायाचित्रे, त्यांचे बूट, त्यांच्या सरावाच्या वेळापत्रकाची पाने पाहायची असतील तर तिला कोठे पाठवावे हे मला सांगता येत नाही. या दालनातली पहिली भिंत त्या पाच जणांची असावी, आणि त्यांच्याबरोबर चढलेल्या शेर्पांची नावेही त्याच आकाराच्या अक्षरांत त्याच भिंतीवर असावीत. शेर्पांची नावे तळटीपेत ढकलणारे दालन होणार असेल तर ते न झालेले बरे.

दालन काय शिकवील, याविषयीही माझे ठाम मत आहे. नागपूरचे मूल रेल्वेने दिल्लीला आणि तेथून विमानाने लेहला गेले तर ते 310 मीटरवरून 3500 मीटरवर दोन दिवसांच्या आत पोहोचते. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. तो न दिल्यास डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, आणि दुर्लक्ष केल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून जीव जाऊ शकतो. 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरहून अधिक वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा, आणि लक्षणे वाढू लागली तर कसलीही वाट न पाहता खाली उतरावे, हे नियम प्रत्येक पालकाला ठाऊक असले पाहिजेत. सहलीचे पैसे भरताना बरोबर न्यायच्या कपड्यांची यादी पालकांच्या हाती येते, पण हे नियम हाती आल्याचे मला आठवत नाही. दोराच्या बाबतीतही तेच. एकोणिसाव्या शतकातला वनस्पतीच्या धाग्यांचा दोर झटका बसताच का तुटे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आलेला नायलॉनचा दोर ताणला जाऊन पडणाऱ्याचा झटका कसा झेलतो, हे दोन्ही दोर मुलांच्या हातात देऊन दाखवता येईल. त्याला फार खर्च येत नाही.

बर्फ वितळत आहे, हेही तेथे सांगावे लागेल. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी 2022 आणि 2023 या दोन वर्षांत आपल्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. गॉर्नरग्राटवरून खाली पाहताना हिमनदी पूर्वी कोठवर होती त्याच्या खुणा दोन्ही बाजूंच्या उघड्या दगडांवर स्पष्ट दिसतात. आपल्याकडे गंगोत्रीलाही अशीच माघार चालू आहे, आणि तेथे जाऊन आलेल्या नागपूरकरांची जुनी छायाचित्रे तारखेनिशी एकत्र केली तर तीही अभ्यासकांच्या उपयोगी पडतील.

काय नको, तेही लिहिते. थर्माकोलचा बर्फ नको, फायबरचे एव्हरेस्ट नको, आणि दाराशी छायाचित्रे काढण्यापुरता उभा केलेला देखावा नको. उद्घाटनाच्या दिवशी गजबजून नंतर कुलूप लागलेली स्मारके आपल्या शहरात पुरेशी आहेत. लहान जागा चालेल, पण ती रोज ठरलेल्या वेळी उघडी असावी, तेथे समजावून सांगणारे एक माणूस असावे, आणि महानगरपालिकेच्या शाळांतील मुलांना शुल्क नसावे. संस्थांमधल्या निवृत्त गिर्यारोहकांनी आळीपाळीने बसायचे ठरवले तर पहिली काही वर्षे पगारी कर्मचाऱ्याशिवायही निभावून नेता येतील. भारतीय सर्वेक्षण विभागाला पत्र लिहून जुन्या साखळ्या, यंत्रे किंवा निदान त्यांच्या प्रतिकृती आणि वऱ्हाड-नागपूर भागाच्या त्रिकोणांचे नकाशे मागावेत. ते पत्र महानगरपालिकेच्या शिक्क्याने गेले तर त्याला वजन येईल.

हिंगणघाटच्या बाबतीत नागपूरने पुढाकार घ्यावा, पण मान तेथील नगर परिषदेचा ठेवावा. कबरीची जपणूक, महामार्गावरून तेथपर्यंत नेणाऱ्या पाट्या आणि मराठीतला माहितीफलक एवढ्या तीन गोष्टी दोन्ही संस्थांनी मिळून कराव्यात. नागपूरच्या दालनातून निघून हिंगणघाटला जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी शाळांची एक दिवसाची सहल मी स्वतः आखून देईन. वाटेत एका मोकळ्या शेतात मुलांना आधाररेषा मोजायला लावून, दूरच्या एका झाडाचे अंतर त्रिकोणाने काढायला शिकवता येईल. हा पाठ मी वर्गाबाहेर घेत असे, आणि उत्तर बरोबर आल्यावर मुलांचे चेहरे कसे खुलत ते मी विसरलेले नाही.

वारसा समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, महानगरपालिकेने जागेची पाहणी करण्यासाठी एका अधिकाऱ्याची नेमणूक करावी, आणि प्रत्येक गिर्यारोहण संस्थेने वस्तूंची यादी करण्यासाठी आपला एक प्रतिनिधी कळवावा, अशी माझी नम्र मागणी आहे. येत्या 20 जानेवारीला आपण सर्वांनी हिंगणघाटला एकत्र यावे आणि पुढची आखणी तेथेच बसून करावी. झेरमाटहून आणलेली टिपणे, दालनाचा कच्चा आराखडा आणि शाळांसाठी केलेली तक्ते-आकृत्यांची वही घेऊन मी त्या दिवशी तेथे असेन. त्यापूर्वी बैठकीस बोलावले तर त्यालाही येईन.

आपली,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका,
नागपूर